तळ्याकाठच्या कडक जमिनीत छत्री पुन्हापुन्हा का उपटते

तळ्यावर गरी टाकून बसताना सावलीसाठी सकाळी सातला रोवलेली छत्री खांबासारखी उभी असते. साडेअकराच्या सुमारास गरम वारं सुटतं, दांडा आधी करकरतो, मग डुलायला लागतो, आणि बाराच्या आत छत्री उलटी होऊन पाण्यात पडलेली असते. एकदा झालं तर वाऱ्याला दोष देऊन मोकळं होता येतं. दर खेपेला होत असेल तर रोवण्यातच खोट आहे.

भंडारा-गोंदियाकडच्या बोड्यांवर (लहान तळ्यांवर) आणि मामा (माजी मालगुजारी) तलावांवर मी चार उन्हाळे गरी टाकून बसतोय. त्यातल्या पहिल्या दोन उन्हाळ्यांत माझी छत्री अशीच पडत होती. एकदा ती उपटून उडाली तेव्हा दांड्याचं लोखंडी टोक शेजारी बसलेल्या पोराच्या कानाजवळून गेलं. पोराला काही झालं नाही, पण माझे हातपाय गार पडले. त्या दिवसापासून मी हा विषय मनावर घेतला. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, त्यामुळे सावलीशिवाय तळ्यावर बसणं शक्य नाही. आणि नीट न रोवलेली छत्री उन्हापेक्षाही जास्त धोक्याची आहे.

आधी मूळ गोष्ट. कडक जमिनीत दांडा जाता जात नाही, म्हणून एकदा गेला की तो पक्का बसला असं आपल्याला वाटतं. खरं तर मऊ, ओली माती दांड्याला आपोआप धरते. दांडा आत जाताना ती बाजूला सरकते आणि पुन्हा त्याला बिलगते. कडक माती बिलगत नाही. तुम्ही जेवढं भोक पाडाल तेवढंच ते राहतं. सब्बल (पहार) हलवून हलवून दोन इंची भोक केलं आणि त्यात एक इंची दांडा उभा केला, तर तो दांडा डब्यात ठेवलेल्या काठीसारखा आहे. सकाळी वारा नसतो म्हणून ते कळत नाही, एवढंच.

मला हे एका ढीवर (मासेमार) काकांनी दाखवलं. मी घणानं दांडा ठोकत होतो. ते जाळं झटकत शांतपणे पाहत होते. थोड्या वेळानं जवळ येऊन म्हणाले, "काहून गा, बैलाचा खुटा कसा गाडतेत पाहिलं नाही का? भोक पाडलं म्हंजे खुटा गाडला असं होत नाही. ठास त्याले." मग त्यांनी चिमूटभर मुरूम भोकात टाकला आणि सब्बलीच्या बोथट टोकानं दांड्याच्या चारी बाजूंनी ठासला. पुन्हा चिमूटभर टाकला, पुन्हा ठासला. पाच मिनिटांत दांडा असा बसला की दोन्ही हातांनी हलवूनही हलेना. घण मी परत पिशवीत घातला तो घातलाच.

छत्री पडते कशी, ते आधी पाहा

पडलेली छत्री उचलून लगेच पुन्हा रोवू नका. जागा बघा. भोकाचं तोंड एका बाजूला लांबट झालेलं असेल, तर भोक सैल होतं आणि दांड्याला खेळायला जागा मिळाली. दांडा सरळ वर उपटून निघाला असेल आणि भोक गोल शाबूत असेल, तर वारा खालून छत्रीत शिरला. अशा वेळी भोकाकडे कितीही लक्ष दिलं तरी उपयोग नाही, दोऱ्या हव्यात. दांडा जागेवरच उभा आहे पण छत्री मधल्या सांध्यात वाकून पडली, तर छत्री तिरकी करण्याचा स्क्रू ढिला आहे किंवा त्याचे दात झिजले आहेत. आणि दांड्याभोवतीची माती ढेकळासकट उचकटली असेल, तर खोली कमी पडली.

रेटा किती असतो याचा अंदाज असला की आळस होत नाही. सव्वादोन मीटर व्यासाच्या छत्रीचं कापड जवळपास ४ चौरस मीटर भरतं. ताशी ३६ किलोमीटरचं वारं त्यावर समोरून आलं तर साधारण २५ ते ३० किलोचा रेटा बसतो. वेग दुप्पट झाला की रेटा चौपट होतो, म्हणजे वावधन (वादळी वारं) सुटलं की क्विंटलभर. शिवाय हा रेटा लागतो जमिनीपासून पाच फूट वर आणि दांडा जमिनीत असतो फूटभर. सब्बलीनं दगड उचकटावा तशी ही तरफ चालते. भोकाच्या काठावर सहज पाच-सहा पट जोर येतो. नुसत्या फूटभर भोकाच्या भरवशावर एवढं सांभाळत नाही.

जमीन कोणती, त्यावर उपाय

आपल्याकडे एकाच तळ्याच्या चार बाजूंना चार जमिनी असतात. कन्हार, मोरांड, सिहार, खरडी, बरडी ही नावं आपल्या आजोबांनी उगीच ठेवली नाहीत. छत्रीवाल्यानंही ती ओळखली पाहिजेत.

सगळ्यात फसवी कन्हार, म्हणजे भारी काळी. पश्चिमेकडे वऱ्हाडात, अप्पर वर्धा किंवा काटेपूर्णा धरणाच्या भागात बसणाऱ्यांना तर बहुतेक हीच मिळते. उन्हाळ्यात ती दगडासारखी होते आणि तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. भेगेत दांडा घालायचा मोह होतो, कारण तिथे तो अलगद जातो. घालू नका. भेग दोन बाजूंनी धरते आणि दोन बाजूंनी मोकळी असते. वारा भेगेच्या दिशेनं आला की दांडा त्या मार्गानं आडवा होतो. भेगांपासून निदान दीड हात लांबची, अखंड ढेकळाच्या मधली जागा निवडा.

तिथे आदल्या संध्याकाळी आळं करून ठेवायचं. वांग्याच्या रोपाला करतो तसं, टोपलीएवढं. त्यात एक बादली पाणी ओतायचं आणि ते जिरलं की आणखी एक. काळी माती पाणी हळू पिते, म्हणून घाई उपयोगाची नाही. गाव तळ्याजवळ असेल तर रात्रभर मुरू द्या. नसेल तर पहाटे पोचल्याबरोबर पहिलं काम हेच करा, मग गरी टाका, तासाभरानं छत्री रोवा. भिजल्यावर सब्बल सहज जाते.

इथे बहुतेकांचं एक चुकतं, माझंही चुकायचं. भोक पाडलं, दांडा घातला, भोवती तीच ओली काळी माती दाबून बसवली. आठ वाजता दांडा सिमेंटमध्ये बसवल्यासारखा घट्ट लागतो. काळी माती ओली झाली की फुगते, म्हणून हा घट्टपणा. पण मेच्या उन्हात वरची ओल दुपारपर्यंत उडते, माती आक्रसते आणि दांड्याभोवती पोस्टकार्ड जाईल एवढी फट सुटते. मी ती फट पहिल्यांदा पाहिली तेव्हा करंगळीचं नख आत घालून पाहिलं, अख्खं गेलं. नेमकं त्याच वेळी वारं सुटतं. छत्री सकाळी का पडत नाही आणि बारालाच का पडते, याचं उत्तर त्या फटीत आहे.

उपाय सोपा आहे. काळ्या मातीत दांडा काळ्या मातीनं ठासायचा नाही. मुरूम किंवा बारीक खडी वापरायची. मुरूम फुगत नाही आणि आक्रसतही नाही. काळ्या जमिनीत घर बांधताना गवंडी पाया मुरमानं भरून घेतो ते याच कारणानं. मी पाच किलोच्या पिशवीत मुरूम गाडीवरच ठेवतो. मूठमूठ टाकायचा, प्रत्येक मुठीनंतर ठासायचा. एकदम ओतून वरून पायानं दाबलं तर वरचे दोन इंच घट्ट होतात आणि खाली पोकळी राहते.

मुरमाड खरडी-बरडी जमिनीत भिजवण्याचा थोडाच फायदा होतो, तिथे सब्बल मारण्याची पद्धत महत्त्वाची. सब्बल सरळ उचलायची आणि तिच्याच वजनानं खाली सोडायची. दर घावाला पाव फेरा फिरवायची. चार-पाच घावांनंतर पेलाभर पाणी टाकून थोडं थांबायचं. दगड लागला तर आडवी कुचकायची नाही, कारण कुचकलं की भोकाचं तोंड रुंद झालंच. ती जागा सोडा आणि हातभर सरकून दुसरीकडे पाडा. कुचकून रुंद केलेलं दीड फुटी भोक आणि सरळ पाडलेलं एक फुटी भोक यांत मी डोळे झाकून दुसरं घेईन.

पाण्याजवळच्या ओल्या गाळात रोवणं सोपं वाटतं, पण वर पापडी आणि खाली लोणी अशी ती जमीन असते. दांडा सहज जातो आणि सहज कलतो. माणसाचा पायही गुडघ्यापर्यंत जातो. तिथे बसूच नका.

पाळीवर रोवू नका

तलावाची पाळ ही मात्र वेगळी गोष्ट आहे आणि तिच्याबद्दल मी हट्टी आहे. कोहळी समाजानं बांधलेल्या या पाळी कित्येक पिढ्यांच्या पायांनी, बैलगाड्यांनी आणि गुराढोरांनी दाबून दाबून घट्ट झाल्या आहेत. त्यावर सब्बलीचा घाव मारला की नुसता ठण्ण आवाज येतो. त्या तशाच घट्ट राहिल्या पाहिजेत, कारण खालच्या बांध्यांमधलं धान त्यांच्यावर उभं आहे. मातीच्या पाळीत भोकं पाडली की पावसाचं पाणी तिथून मुरतं आणि पाळ आतून भुसभुशीत होते. पाळीच्या पायथ्याला किंवा काठावरच्या पडीक जागेत बसा. तळं मच्छीमार सोसायटीच्या ठेक्यात असतं, तेव्हा कुठे बसलं तर चालेल हे सोसायटीच्या माणसांना विचारलं की तेच चांगली जागा सांगतात.

धरणाच्या दगडी पिचिंगवर तर खुंटी जातच नाही. पिचिंगचा दगड उचकटून छत्रीच्या बुडाशी रचणारे मी पाहिले आहेत. हे कधीच करू नका, तो दगड लाटांपासून भिंत वाचवतो. तिथे वजनावर भागवावं लागतं. चुंगडीत (पोत्यात) रेती किंवा माती भरून ती दांड्याच्या बुडाशी आणि दोऱ्यांच्या टोकाशी ठेवायची. पण हिशेब लक्षात असू द्या. ४० किलोची चुंगडी जमिनीवर नुसती ठेवलेली असेल तर ती अर्ध्याच जोरात, म्हणजे २० किलोच्या आसपास ओढलं की घसरायला लागते, आणि दोरी वरच्या दिशेनं ओढत असेल तर त्याहूनही लवकर. एका चुंगडीनं भागत नाही, वाऱ्याच्या बाजूला दोन लागतात. वारं वाढलं की पिचिंगवरची छत्री मिटायची. त्याला दुसरा उपाय मला सापडलेला नाही.

पाईपची बाही

ज्याला दर आठवड्याला बसायचं आहे त्यानं एकदाच खर्च करून पाईपची बाही, म्हणजे जमिनीत ठोकून आत छत्रीचा दांडा उभा करायची नळी, बनवून घ्यावी. माझ्या मते या सगळ्यातला सर्वांत चांगला उपाय हाच. मासेमारीच्या छत्रीचा दांडा बहुधा ॲल्युमिनियमचा असतो. त्याच्यावर घण मारला की खालचं टोक बोथट होतं, वरचं तोंड पसरतं आणि दोन तुकडे एकमेकांत बसेनासे होतात. म्हणून ठोकायची ती बाही, छत्री नाही.

दांडा २५ मिलिमीटरचा असेल तर एक इंची जीआय पाईपचा दोन फुटी तुकडा घ्या. त्याच्या आत साधारण २७ मिलिमीटर जागा असते, दांडा अगदी बेताचा बसतो. दांडा ३२ मिलिमीटरचा असेल तर सव्वा इंची पाईप लागेल. वेल्डिंगवाल्याकडून खालचं तोंड बंद करून टोक काढून घ्या. तोंड उघडं ठेवलं तर ठोकताना आत माती भरते आणि दांडा खाली उतरतच नाही. वरच्या काठापासून दोन बोटं खाली एक नट वेल्ड करून घ्या, त्यातून बोल्ट आवळला की दांडा आत फिरत नाही. आणि वरच्या बाजूला आरपार दोन छिद्रं, त्यांतून सळई घालून बाही पिळता येते. संध्याकाळी बाही काढताना या छिद्रांचं महत्त्व कळतं. उपटायला गेलं तर कंबर जाते. अर्धा फेरा इकडे, अर्धा तिकडे पिळलं की ती मुकाट्यानं वर येते.

सब्बल साधारण एक इंच जाडीची असते आणि या पाईपची बाहेरची जाडी ३३-३४ मिलिमीटर. म्हणजे सब्बलीनं न कुचकता पाडलेल्या भोकात बाही ठोकली की ती स्वतःच कडा दाबत घट्ट बसते, ठासायचं काम उरत नाही. ठोकताना पाईपच्या तोंडावर लाकडाचा ठोकळा ठेवा, नाहीतर तोंड पसरून दांडा जाणार नाही. दीड फूट जमिनीत आणि अर्धा फूट वर, एवढं पुरे.

बाजारात भाजीवाल्यांकडे असते ती मोठी छत्री वापरत असाल तर बाही आणखी गरजेची, कारण तिच्या दांड्याला टोकच नसतं. डब्यात काँक्रीट भरून ती छत्री उभी करण्याची पद्धत बाजारात चालते. १५ लिटरच्या डब्याचं वजन ३५ किलोच्या आसपास होतं आणि ते तळ्यापर्यंत नेणार कोण? शिवाय उघड्या वाऱ्यात तेही पडतं.

दोऱ्या आणि दिशा

भोक कितीही चांगलं पाडलं तरी दोऱ्यांशिवाय दुपार निघत नाही. निदान तीन हव्यात: दोन वाऱ्याच्या बाजूला फाकवून, एक उलट बाजूला, तुमचा गरी फेकायचा हात मोकळा राहील अशी. दोरी छत्रीच्या काडीला किंवा कापडाच्या काठाला बांधू नका. वर जिथे सगळ्या काड्या एकत्र येतात तिथे दांड्याला बांधा. काठाला बांधली की वाऱ्यात काडी मोडते. जमिनीवरची खुंटी दांड्यापासून छत्रीच्या उंचीएवढी तरी लांब पाहिजे.

छत्रीसोबत येणाऱ्या बारीक तारेच्या खुंट्या आपल्या जमिनीत वाकतात. १२ मिलिमीटरच्या सळईचे दीड फुटी तुकडे कापून घ्या, एका बाजूला टोक आणि दुसऱ्या बाजूला रिंग. खुंटी ठोकताना तिचं डोकं छत्रीपासून लांब झुकलेलं आणि टोक छत्रीकडे वळलेलं हवं. उलटं ठोकलं तर दोरी खुंटीला सरळ ओढून काढते. डोक्यावर रिकामी पाण्याची बाटली उपडी घाला, म्हणजे कुणी ठेचकाळणार नाही. काठावरच्या बेशरमाच्या झुडपाला दोरी बांधलेली अनेकदा दिसते. ते झुडूप पाण्याजवळचं, पोकळ, पहिल्या हिसक्याला मोडतं. बाभळीचं खोड मिळालं तर मात्र खुंटीपेक्षा चांगलं.

कृषी केंद्रातली प्लास्टिकची दोरी स्वस्त असते, पण तिची गाठ घसरते आणि एका उन्हाळ्यात ती उन्हानं तुसासारखी सुटते. सुती कासरा भिजला की आवळतो, वाळला की ढिला पडतो. सहा मिलिमीटरची नायलॉन दोरी घ्या. तीही भिजली की थोडी ताणते, म्हणून तासा-दोन तासांनी बोटानं टिचकी मारून बघायची. तणसाची गाडी बांधताना दोर फासातून परत ओढून आवळतो ना, तीच गाठ इथे चालते. ढिली झाली की न सोडता आवळता येते.

छत्री तोंड करून कुठे ठेवायची, हे आपल्याकडे सोपं आहे. उन्हाळ्यात दुपारचं गरम वारं बहुतेक पश्चिम-वायव्येकडून येतं, आणि दुपारनंतर ऊनही पश्चिमेचंच. छत्रीची पाठ पश्चिमेला केली की दोन्ही अडतात. नागपूर-भंडाऱ्याच्या पट्ट्यात २६ मेच्या आसपास, म्हणजे नवतपा (कडक उन्हाचे नऊ दिवस) लागता लागता, भर दुपारी सूर्य अगदी डोक्यावर असतो आणि सावली पायाखाली पडते. त्या दिवसांत बारा-साडेबारापर्यंत छत्री तिरकी करण्याची गरजच नाही. सरळ छत्रीवर वाऱ्याचा रेटाही कमी बसतो. तिरकी करा ती एकनंतर, आणि करताना मागचा काठ जमिनीच्या चार बोटांवर आणा, म्हणजे वारा खालून शिरून छत्रीला उचलणार नाही.

मिटायची कधी

मे-जूनमध्ये दुपारनंतर पश्चिमेला काळं दिसलं आणि तापलेल्या हवेत अचानक गार झुळूक आली, की पुढचं वारं कोणत्या बाजूनं येईल सांगता येत नाही. गार झुळूक अंगाला लागताच छत्री मिटा. गडगडाट ऐकू आला तर छत्री, दोऱ्या, गरी सगळं तिथेच सोडून पाण्यापासून लांब व्हा. उघड्या काठावर धातूच्या दांड्याजवळ उभं राहणं म्हणजे विजेला बोलावणं आहे, आणि एकट्या झाडाखाली जाणं त्याहून वाईट. पक्क्या घरात किंवा बंद गाडीत जा. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं दामिनी ॲप फोनमध्ये असू द्या, आसपास वीज पडत असेल तर ते सांगतं. चार-पाच हजारांची छत्री पुन्हा घेता येते.

संध्याकाळी सगळं आवरल्यावर बाहीचं आणि खुंट्यांचं प्रत्येक भोक मातीनं भरून टाचेनं दाबतो. दिवस मावळता गुरं पाण्यावर येतात, आणि उघड्या भोकापाशी एखादं जनावर अडखळायला नको.